नगराची सावधानता आणि ग्रंथालयाचे कर्तव्य

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि नाटक ह्या विषयांवरील व्याख्याने आपण ऐकलीत. धारवाडच्या भूमीला ते साजेसेच आहे. ह्याच गावात अध्यापन करीत जी. ए. कुलकर्णी ह्यांनी आपल्या कथा लिहिल्या. हुबळीहून हाकेच्या अंतरावरील कुंदगोळ हे सवाई गंधर्वांचे गाव. अशा परिसरात नाले, पंप, दोरखंड आणि वाळूच्या बादल्या ह्यांविषयी बोलण्यास कोणी उभा राहिला, तर श्रोत्यांना किंचित नवल वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. माझा व्यवसाय स्थापत्य अभियंत्याचा आणि व्यसन वाचनाचे. शंभर वर्षे टिकलेल्या संस्थेने पुढील शंभर वर्षे टिकून राहण्याचा विचार करायचा, तर ती ज्या नगरात उभी आहे त्या नगराच्या सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो, अशी माझी धारणा आहे.

आपत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नौका, लष्करी जवान आणि अन्नाची पाकिटे येतात. हे चित्र आपत्तीनंतरचे आहे. नगराच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाचे खरे काम त्याआधीचे असते, ते वर्षभर चालते आणि बहुधा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. नाल्यातील गाळ वेळेवर निघाला आणि वस्तीत पाणी शिरले नाही, तर त्याची बातमी होत नाही. जे घडले नाही त्याचे श्रेय कोणी देत नाही. त्यामुळे अशा कामासाठी पैसा आणि माणसे मागताना अधिकाऱ्यांचीही जीभ अडखळते. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपण मुलांना शिकवतो. नगरांना मात्र ते पुन्हा पुन्हा शिकवावे लागते.

ह्या नगराला हा धडा नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग प्रकटला आणि १८९८ साली हुबळी-धारवाडला त्याने गाठले. सदर्न मराठा रेल्वेचे मोठे स्थानक आणि कारखाना, कापसाची पेठ, देशोदेशीच्या माणसांची ये-जा, ही हुबळीच्या भरभराटीची कारणे साथीलाही उपकारक ठरली. त्या वर्षी डॉ. हाफकिन ह्यांची प्रतिबंधक लस हुबळीत फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. लस टोचलेले किती, न टोचलेले किती, दोहोंपैकी दगावले किती, ह्याच्या आठवडेवार नोंदी ठेवल्या गेल्या आणि पुढे प्लेग आयोगापुढे हुबळीच्या आकड्यांची छाननी झाली. लोकांच्या मनात त्या काळी भय होते, सरकारी सक्तीविषयी रोषही होता. १८९७ च्या साथरोग कायद्याची झळ पुण्याने कशी सोसली हे मराठी वाचकास सांगायला नको. परंतु संकटाच्या धामधुमीतही कोणीतरी शांतपणे नोंद केली, म्हणूनच त्या लसीचा गुण-दोष पुढच्या पिढीला तपासता आला. तोच १८९७ चा कायदा २०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा बाहेर काढावा लागला. आपत्ती जुन्या होतात, दप्तरे जुनी होत नाहीत, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

आता आपल्या भूमीकडे पाहू. धारवाड मलनाडच्या उंबरठ्यावर वसले आहे आणि हुबळी मैदानी मुलखाच्या तोंडाशी. दोहोंमध्ये अंतर सुमारे वीस किलोमीटरचे. पण पाऊस वेगळा, माती वेगळी. सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला पश्चिमेकडे उतरते आणि तिचे पाणी गंगावळीच्या नावाने अरबी समुद्रास मिळते. पूर्वेकडच्या रानांतील पाणी मात्र बेण्णीहळ्ळाच्या वाटेने मलप्रभेला, तेथून कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे आपण पाणलोटाच्या माथ्यावर राहतो. माथ्यावर राहणाऱ्यास महापुराचे भय नाही, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मोठ्या नदीचा पूर येथे येत नाही हे खरे. पण ओढ्या-नाल्यांचा पूर येतो, तो घटकाभरात चढतो आणि सूचना द्यायला वेळ देत नाही. बेण्णीहळ्ळ उन्हाळ्यात पायी ओलांडता येतो. पावसाळ्यात हाच ओढा नवलगुंदकडच्या काळ्या जमिनींवर मैलोन्‌मैल पसरतो.

नगराच्या आतही हेच घडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये उणकल तलाव भरून वाहू लागला आणि नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तलाव भरला ह्याचा आनंद मानावा की नाला तुंबला ह्याचे दुःख करावे, अशी नागरिकांची स्थिती झाली. नाल्याचे पात्र मूळचे जेवढे रुंद होते तेवढे ठेवले असते, तर आनंदच पुरला असता. पाण्याची स्मरणशक्ती माणसापेक्षा चांगली असते. आपण पात्रात घर बांधले हे आपण विसरतो. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

मातीचेही तसेच. हुबळीच्या बाजूची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते व भेगाळते. तिच्यावरील उथळ पायाच्या भिंती दरवर्षी थोड्या थोड्या हलतात. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती सततच्या पावसाने भिजून खचतात. अतिवृष्टीच्या वर्षी जिल्ह्यात पुरात वाहून जाण्यापेक्षा भिंत अंगावर पडण्याचे भय अधिक असते. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला जे घडले, त्याचे मूळही दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार ह्यांत होते. भूकंपाने हादरा दिला, माणसे घरांनी मारली. त्या भूकंपानंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती आराखडे तयार करण्यास प्रारंभ केला. आपल्या देशात ह्या विषयाला शास्त्रशुद्ध वळण लागण्यास त्या दुर्घटनेपासून मोठी चालना मिळाली.

अशा नगरात आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाचे वर्ष कसे जाते, किंबहुना कसे जावे, ते थोडक्यात सांगतो. त्याचे पंचांग उन्हाळ्यात सुरू होते. मार्च ते मे ह्या महिन्यांत नाल्यांचा गाळ काढणे, तलावांचे बांध व सांडवे तपासणे, धोकादायक इमारतींची पाहणी करून नोटिसा देणे, हेस्कॉमच्या माणसांबरोबर तारांवर आलेल्या फांद्या छाटणे ही कामे उरकावी लागतात. कारण वळीव पाऊस मुहूर्त पाहून येत नाही. वादळ, गारा आणि वीज घेऊन तो एप्रिलमध्येच दारात उभा राहतो. ह्याच महिन्यांत पाणीटंचाई असते. मलप्रभेचे पाणी सौंदत्तीच्या जलाशयातून एवढ्या दुरून येते, आणि कलघटगीच्या वाटेवरील नीरसागर दुष्काळी वर्षांत तळ दाखवतो, हे आपण पाहिलेले आहे. दुष्काळ पावलांचा आवाज न करता येतो, म्हणून त्याला आपत्ती म्हणण्यास आपण उशीर करतो.

जून ते सप्टेंबर नियंत्रण कक्ष रात्रंदिवस जागा असतो. पावसाची आकडेवारी, तलावांची पातळी, पडलेली झाडे, बंद झालेले रस्ते, ह्यांची नोंद आणि त्यावर हुकूम. ह्या बाबतीत कर्नाटकाचे एक काम अभिमानाने सांगण्यासारखे आहे. १९८८ साली बंगळूरमध्ये दुष्काळावर नजर ठेवण्यासाठी एक कक्ष स्थापन झाला. त्याचेच पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र झाले आणि आज ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत त्याची स्वयंचलित पर्जन्यमापके बसलेली आहेत. पूर्वी पावसाचा आकडा तालुक्याच्या कचेरीतून दुसऱ्या दिवशी कळत असे. आता तो पाऊस पडत असतानाच कळतो. मात्र आकडा कळणे आणि नाल्याकाठच्या झोपडीतील म्हातारीपर्यंत सूचना पोहोचणे, ह्यांत अंतर राहते. ते यंत्राने भरून निघत नाही. तेथे माणूसच लागतो.

पावसाळा संपला असे वाटते तेव्हा परतीचा पाऊस येतो. २००९ च्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी उत्तर कर्नाटकात जो प्रलय झाला, त्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली. सर्वांत मोठा घाव विजापूर, बागलकोट, रायचूर ह्या एरवी कोरड्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांना बसला. पुढे दिवाळी येते, फटाक्यांची दुकाने लागतात, आणि अग्निशामक दलाचे काम वाढते. हिवाळ्यात वर्षाचा अहवाल, साहित्याची मोजदाद, दूरध्वनी क्रमांकांच्या याद्यांची दुरुस्ती आणि सराव. सरावाला आपल्याकडे ‘रंगीत तालीम’ असा सुरेख शब्द रूढ झाला आहे. नाटक कंपन्यांना उदार आश्रय देणाऱ्या ह्या मुलखाला तालमीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या प्रयोगाला ज्याला आपली जागा सापडत नाही, त्याने तालीम चुकवलेली असते.

तालमीचे फळ काय, ह्याचे उदाहरण ओडिशाने घालून दिले आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमधील महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, दरवर्षी सराव केला. २०१३ साली ‘फायलिन’ हे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. वारा कमी झाला नव्हता. चौदा वर्षांत माणसांची तयारी वाढली होती.

आता मन घट्ट करून आपल्या धारवाडचे उदाहरण घेतो. १९ मार्च २०१९ रोजी दुपारी कुमारेश्वर नगरातील बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली. एकोणीस माणसे गेली. पन्नासाहून अधिक जणांना जिवंत बाहेर काढण्यात आले आणि तीन दिवस उलटल्यावरही ढिगाऱ्याखालून माणसे जिवंत निघाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी केलेले काम आपण विसरता कामा नये. पण ते दल बाहेरगावाहून यायचे होते. मधल्या वेळात तेथे होते ते अग्निशामक दल, पोलीस, रस्त्यावरचे मजूर, शेजारचे दुकानदार. जगात सर्वत्र हाच अनुभव आहे: पहिल्या तासांत जो वाचवतो तो शेजारी असतो. म्हणून शेजाऱ्याला शिकवणे हे आपत्ती व्यवस्थापनाचे निम्मे काम होय.

त्या दुर्घटनेत पाऊस नव्हता, भूकंप नव्हता, वादळ नव्हते. इमारत आपली आपण बसली. अशा घटनेला दैवी आपत्ती म्हणता येत नाही. खांब किती जाडीचा, काँक्रीट किती दिवस मुरले, मंजुरी किती मजल्यांची आणि बांधले किती, हे प्रश्न प्रत्येक बांधकामाच्या वेळी विचारायचे असतात. ढिगाऱ्यापुढे उभे राहून विचारायचे नसतात. आपण घर घेताना फरशीचा रंग पाहतो, खिडकीतून दिसणारा देखावा पाहतो. नकाशा, परवानगी आणि अभियंत्याचा दाखला मागणारा ग्राहक विरळा. नगराची सावधानता कार्यालयातून जेवढी येते, तेवढीच ती अशा मागणीतूनही येते.

कायद्याचे पाठबळ आता पुरेसे आहे. भूजचा भूकंप आणि त्सुनामी ह्यांनंतर २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. त्यापूर्वी आपल्या सरकारी यंत्रणेचा सारा भर दुष्काळ-संहितेच्या परंपरेतील मदतकार्यावर होता. ह्या कायद्याने पूर्वतयारी हे कर्तव्य ठरविले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आले, आणि नगरपालिकांवरही आपल्या नोकरांना प्रशिक्षण देण्याची, साहित्य सज्ज ठेवण्याची आणि बांधकामे मानकांनुसार होत आहेत हे पाहण्याची जबाबदारी आली. २०२५ साली ह्या कायद्यात दुरुस्ती होऊन, राजधान्यांसाठी व महानगरपालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची तरतूद झाली. महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. १९६२ पासून महानगरपालिका असलेल्या आपल्या नगराने ह्या तरतुदीचा लाभ मागावा. कारण जिल्ह्याचा आराखडा शेतांचा आणि गावांचा विचार करतो. बाजारातील अरुंद बोळ, शाळांच्या गच्च्या, बंदिस्त झालेले नाले, ह्यांचा विचार नगराच्याच आराखड्यात होऊ शकतो. मात्र कायदा कपाटात ठेवल्याने कोणी वाचत नाही. कपाटात ठेवलेली वस्तू वाचली जावी ह्यासाठी झटणे, हे तर ग्रंथालयाचेच व्रत आहे.

येथे मी माझ्या विषयाच्या उत्तरार्धाकडे वळतो. पुढच्यास ठेच लागली की मागच्याने शहाणे व्हावे. आपल्या दोन वडील भगिनी-संस्थांना लागलेली ठेच आपल्यापुढे आहे. सांगलीचे नगर वाचनालय १८६९ सालचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी त्यात शिरले आणि हजारो ग्रंथांचा लगदा झाला. त्यांत पुन्हा न मिळणारी जुनी पुस्तके होती. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. त्याला २००५ च्या जुलैमध्ये पुराने गाठले. कार्यकर्त्यांनी ते जिद्दीने पुन्हा उभे केले. आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आत आले. पुन्हा चिखल उपसला गेला, पुन्हा दात्यांनी पुस्तके पाठविली, पुन्हा ते वाचन मंदिर उभे राहिले. त्या कार्यकर्त्यांना मी वंदन करतो. परंतु वंदनाबरोबर धडाही घ्यावा. दात्यांकडून नवी पुस्तके मिळतात. शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकांचे बांधीव खंड, स्थानिक स्मरणिका, संस्थेची इतिवृत्ते ही कोणी दान देऊ शकत नाही.

१९६६ च्या ४ नोव्हेंबरला इटलीतील फ्लॉरेन्स नगरात आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला आणि दहा लाखांवर ग्रंथ व कागद चिखलात गेले. देशोदेशीचे विद्यार्थी साखळी करून ते हातोहात वर काढीत होते. भिजलेला ग्रंथ कसा वाचवावा ह्याचे आधुनिक शास्त्र बव्हंशी त्या पुरातून वाढले. त्यातील चार गोष्टी प्रत्येक ग्रंथपालाने भिंतीवर लावून ठेवाव्यात. भिजलेले पुस्तक ओढून उघडू नये, पाने फाटतात. कडक उन्हात वाळवू नये, कागद वाकतो आणि बांधणी सुटते. सावलीत, वाऱ्यावर, पंख्याखाली उभे ठेवून, पानांत कोरा टिपकागद घालून तो बदलत राहावे. अठ्ठेचाळीस तासांच्या आत बुरशी धरू लागते, म्हणून आधी काय वाचवायचे ते आधीच ठरलेले असावे. आणि पुस्तके फार असून हात थोडे असतील, तर ती गोठवून ठेवावीत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि आपल्याला अवधी मिळतो. त्यासाठी परदेशी यंत्रे पाहिजेतच असे नाही. ओळखीच्या शीतगृहाच्या मालकाशी आधी बोलून ठेवलेले पुरते.

ह्या अनुभवावरून शताब्दी वर्षात आपण पाच कामे हाती घ्यावीत, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. पहिले, दुर्मिळ ग्रंथांची व नियतकालिकांची वेगळी यादी करून ती वरच्या मजल्यावर न्यावीत, आणि सर्वांत खालच्या फळीवर एकही पुस्तक ठेवू नये. दुसरे, दाखल-नोंदवहीची प्रत इमारतीबाहेर अन्यत्र सुरक्षित ठेवावी. काय गेले हे कळले नाही, तर काय मिळवायचे हेही कळत नाही. तिसरे, विजेच्या तारांची तपासणी आणि अग्निशामक नळकांड्यांचे पुनर्भरण दरवर्षी ग्रंथगणतीच्या आठवड्यातच व्हावे. म्हणजे ते विसरले जाणार नाही. चौथे, सभासदांची एक साखळी असावी. रात्री अपरात्री पाणी चढले तर कोण कोणाला कळविणार, किल्ली कोणाकडे, पुस्तके वर कोण नेणार, हे लिहून ठेवावे आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

पाचवे काम नगरासाठीचे आहे. सरकारी सूचना कन्नडमधून येतात आणि ते योग्यच आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात मराठी आणि बाजारात कन्नड असते. ज्यांच्या मातृभाषेचा आणि कवितेच्या भाषेचा असा सुंदर संगम झाला ते द. रा. बेंद्रे ह्याच गावचे. तरी काही ज्येष्ठांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. अशांसाठी ११२, १०१, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक व पावसाळ्यातील सूचना ग्रंथालयाच्या फलकावर मराठीतही लागाव्यात. त्याचबरोबर ह्या नगरातील आपत्तींचे एक दप्तर आपण ठेवावे. कोणत्या वर्षी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणता नाला कोठून वाहत होता, कोणती विहीर दुष्काळातही आटली नाही, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ते मराठीत आणि कन्नडमध्ये उतरून घ्यावे व त्याची प्रत महापालिकेला सादर करावी. कार्यालयातील अधिकारी बदलून जातात. ग्रंथालय आपल्या जागी राहते. प्लेगाच्या वर्षी कोणी तरी जे केले, तेच आज आपण करावयाचे आहे.

सभासदहो, आपल्या पूर्वसूरींनी वर्गणी गोळा करून, कंदिलाच्या उजेडात याद्या करून हा ग्रंथसंग्रह जमविला. संग्रह करणाऱ्यांचा गौरव आपण ह्या वर्षी करीत आहोत. राखणाऱ्यांचे काम मात्र आजपासून आपल्याकडे आहे. मृगाचे नक्षत्र लागण्यापूर्वी खालच्या फळ्या रिकाम्या झाल्या, तर ह्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.